स्वच्छ पाण्याचे ट्रे

१

उगवणखोलीत ज्या ट्रेंना मरायचं काही कारणच नव्हतं, नेमके तेच मेले होते.

बियाणे प्रयोगशाळेचे संचालक त्या सकाळी फोटो काढायला म्हणून आत गेले. दुसऱ्या दिवशी सुनावणी होती. औषधांच्या कारखान्याचं पाणी ज्या नाल्यात सुटतं, त्याच्या काठच्या शेतकऱ्यांची तक्रार होती की पेरलेलं बी उगवतं, पण पांढुरकं उगवतं आणि दोन बोटांत धरून ओढलं तर मुळासकट अलगद हातात येतं. कारखाना म्हणत होता की बियाणंच निकस आहे. खरं काय ते प्रयोगशाळेने सांगायचं होतं, आणि तिच्याजवळ साक्षीदार म्हणून होते फक्त त्या खोलीतले गव्हाचे ट्रे.

ट्रे तीन प्रकारचे होते. पहिल्यांना प्रयोगशाळेच्या यंत्रातून काढलेलं स्वच्छ, डिस्टिल्ड पाणी. दुसऱ्यांना तेच स्वच्छ पाणी, पण त्यात कारखान्यात बनणाऱ्या जंतू मारायच्या औषधाची चिमूट घातलेली. तिसऱ्यांना थेट नाल्याचं पाणी. स्वच्छ पाण्यावरचा गहू तरारून यायला हवा होता. त्याच्या शेजारी नाल्याचा गहू ठेवला की वेगळं काही बोलायची गरज नव्हती.

पण स्वच्छ पाण्याच्या ट्रेंतली रोपं माना टाकून पडली होती. संचालकांनी वरचा ओला टीपकागद उचलून पाहिला. मुळं आखूड, सुजलेली, टोकं विझलेल्या काडीसारखी तपकिरी. स्वच्छ पाण्यानेच गहू मरत असेल तर नाल्याला दोष कोण देणार? सगळी चाचणी एका फटक्यात बाद झाली होती.

ही खोली पूर्वी शीतगृह होती. जाड भिंती, खिडकी नाही, आणि कडी फक्त बाहेरून. आत जाणारा दारात वीट सरकवूनच आत जाई. बाकीच्या खोल्यांना खिडक्या होत्या, पण कारखान्याच्या वासापायी त्या कधीच्याच खिळे मारून बंद केलेल्या. आसपासच्या वस्तीत घरोघरी तेच होतं. माणसं घरात राहतात असं वाटतच नसे. कुणीतरी त्यांना आत ठेवलंय असं वाटे.

संचालकांनी तासाभरात गुन्हेगार ठरवून टाकला. ट्रेंना पाणी घालणारी मदतनीस, जिला सगळे झारी म्हणत, तिचा नवरा कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायचा. राहायची खोलीही कारखान्याची. कारखाना बंद पडला तर काम आणि छप्पर दोन्ही जाणार. तेव्हा तिनेच मुद्दाम नाल्याचं पाणी स्वच्छ ट्रेंत ओतलं, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले आणि तिला फाटकाजवळच्या बाकावर बसवून ठेवलं. झारी रडली नाही, भांडली नाही. मी काही केलं नाही, एवढंच म्हणाली.

चाचणीची प्रमुख, प्रयोगशाळेतली तरुण संशोधक, हे सगळं भिंतीला टेकून ऐकत होती. तिचा चेहरा टीपकागदासारखा पांढरा पडला होता. संचालकांना वाटलं, मेहनत वाया गेली म्हणून.

२

सुनावणीच्या अधिकाऱ्यांनी दुपारच्या आत एका तपासनीस बाईंना पाठवलं. बियाण्यांची पोती उघडून खोटं बी शोधण्यात त्यांची उभी हयात गेली होती. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, आणि आवाज कायमचा बसलेला. त्यांचं बोलणं ऐकायला माणसाला जवळ यावं लागे, आणि इतक्या जवळून खोटं बोलताना भलेभले अडखळत. बाई हे जाणून होत्या. घशाला औषध घ्या म्हणणाऱ्यांकडे त्या कधी लक्ष देत नसत.

संचालकांनी त्यांना उगवणखोलीत नेलं, झारीची कथा सांगितली, आणि तिच्या नावानिशी अहवाल लिहिलात की आपण मोकळे, असंही सुचवलं. बाईंनी एक मेलेलं रोप भिंगाखाली धरलं. मग नाल्याच्या ट्रेतलं एक धरलं. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी संचालकांना जवळ बोलावलं.

"नाल्याच्या रोपाचं पान कसं आहे?"

पांढरं, संचालक म्हणाले. ते तर सगळ्यांना माहीत होतं. औषध पानातला हिरवा रंग बनूच देत नाही.

"आणि या मेलेल्याचं?"

संचालकांनी वाकून पाहिलं आणि तसेच वाकलेले राहिले. पान मलूल होतं, पण हिरवंगार होतं. नाल्याचं पाणी पोटात गेलं असतं तर ते पांढरं पडलं असतं. म्हणजे झारीने नाल्याचं पाणी ओतलं, ही गोष्ट तिथेच खोटी ठरली.

तेव्हा दाराशी उभी असलेली संशोधक पहिल्यांदा बोलली. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली तांब्याची नळी जुनी झाली आहे, ती म्हणाली. तांबं पाण्यात उतरलं असेल. मुळांची टोकं अशी तपकिरी होतात ती तांब्यानेच. यात कुणाचाच दोष नाही, झारीचा तर नाहीच. ती सावकाश बोलत होती, एकेक शब्द आधी तपासून ठेवल्यासारखा. संचालकांनाही ते पटल्यासारखं दिसलं. नळी बदलता येते, अपघात अहवालात लिहिता येतो.

बाईंनी मान हलवली. तांबंच आहे, यात त्यांना शंका नव्हती. मग त्या मधल्या फळीकडे वळल्या आणि औषधाच्या ट्रेवरचा कागद अलगद उचलला. पांढऱ्या पानांखाली मुळं लांबसडक होती, बारीक केसाळ, टोकापर्यंत स्वच्छ.

"हे पाणीही त्याच यंत्रातलं ना?" त्यांनी विचारलं.

हो, त्याच यंत्रातलं. फक्त वेगळ्या कॅनमध्ये भरून औषध मिसळलेलं.

"मग यांच्या वाट्याला तांबं कसं आलं नाही?"

यंत्र निर्दोष होतं. कुणीतरी फक्त स्वच्छ पाण्याच्या ट्रेंत, हाताने, तांबं घातलं होतं. संशोधकाने डोळे मिटून घेतले. संचालक लगेच म्हणाले की मग पाणी घालणारीच ती. नाल्याचं नसेल, दुसरं काही घातलं असेल. झारीभोवतीचा फास सुटता सुटता पुन्हा आवळला गेला.

३

कारखान्याचे केमिस्ट पाहुण्यांच्या खोलीत बसून होते. त्यांना सगळे गोळीवाले म्हणत आणि ते स्वतःही त्यावर हसत. बाईंनी विचारण्याआधीच त्यांनी कबूल केलं की चाचणी बाद होण्याने सर्वांत जास्त फायदा त्यांचाच आहे. पण ते त्या खोलीत एकदाच गेले होते, पहिल्या दिवशी, बी मांडताना, सगळ्यांच्या देखत. शिवाय औषधाचे ट्रे ठेवा हा आग्रह त्यांचाच. एवढ्याशा औषधाने काही होत नाही हे त्यांना दाखवायचं होतं. पानं पांढरी पडली म्हणून ते मनातून हबकले होते, आणि तेही त्यांनी लपवलं नाही.

"एक सांगू का बाई, पानांचं पाप आमच्या माथी मारा हवं तर. पण मुळांचं नाही. नाल्याच्या गव्हाची मुळंही खुंटलेली आहेत, बघितलीत ना? आमचं औषध मुळाला हात लावत नाही. त्या नाल्यात आम्ही एकटे नाही."

बाई परत उगवणखोलीत आल्या. गोळीवाल्यांचं म्हणणं खरं होतं. नाल्याच्या रोपांना दोन्ही दुखणी होती, पांढरी पानं आणि खुंटलेली मुळंही.

मग त्यांनी मेलेल्या रोपांची मुळं पुन्हा भिंगाखाली घेतली. मूळ टोकाकडून वाढतं. बियाजवळचा भाग जुना, टोकाचा नवा. या मुळांचा बियाजवळचा भाग चांगला निरोगी होता, बारीक केसही होते. मग एका जागी अचानक सूज, आणि पुढे वाढ नाही. म्हणजे पहिल्या दिवशी पाणी चांगलं होतं. मुळं फुटल्यावर, मधल्याच कुठल्या तरी दिवशी कुणीतरी तांबं घातलं. नाल्याच्या रोपांचं तसं नव्हतं. ती मुळं बियातून बाहेर आली तीच आखूड. गोळीवाले पहिल्याच दिवशी येऊन गेलेले. ते सुटले.

उठताना बाईंचा हात सर्वांत खालच्या फळीला लागला. मागे, कोपऱ्यात, चिनीमातीची एक पसरट बशी होती. तिच्यात गव्हाची मोजकीच रोपं, हिरवीगार, ताठ, लांब मुळांची. त्या खोलीत धडधाकट असं तेवढंच होतं.

त्यांनी संचालकांना बोलावलं. बशी पाहून संचालक चिडले. ही घाण आपण केव्हाच फेकून द्यायला सांगितली होती, ते म्हणाले. नाल्याकाठच्या एका म्हातारीने तिच्या घरातल्या जुन्या जातीचा शेवटचा मूठभर गहू संशोधकाला आणून दिला होता, उगवतो का बघ म्हणून. चाचणीशी त्याचा काही संबंध नव्हता. ती बशी अजून इथेच आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता.

बाईंनी विचारलं, हिला पाणी कुठलं घालतात. घालत असतील तर स्वच्छ ट्रेंच्याच कॅनमधलं, संचालक म्हणाले; दुसरं साधं पाणी या खोलीत येतच नाही.

बाईंनी बशी उचलून उजेडात धरली. ज्याने कॅनमध्ये तांबं घातलं, त्याने या बशीसाठी मात्र चांगलं पाणी वेगळं आणलं होतं. ज्याला ही बशी इथे आहे हेच माहीत नव्हतं, त्या माणसाला हे करणं शक्य नव्हतं. संचालकही सुटले.

उरल्या दोघी.

४

झारी अजून फाटकाजवळच्या बाकावर होती. येणारेजाणारे तिच्याकडे बघून पुढे जात. कारखान्यातून नवऱ्याचा निरोप आला होता की जे विचारतील ते कबूल कर आणि मोकळी हो. कारखान्यातले लोक उलट खूशच आहेत. कबूल केलं तर प्रयोगशाळेतून बाहेर. नाकारलं आणि कारखान्याला शिक्षा झाली, तर खोलीतून बाहेर. तिने हे बाईंना अगदी साध्या आवाजात सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलत होती.

बाईंनी तिला दोष दिला नाही की धीरही दिला नाही. तिच्या शेजारी बसून त्यांनी नुसतं विचारलं की गहू कसा कसा वाढत गेला, ते सांग. झारी खुलली. कागदाखाली बघायची तिला परवानगी नव्हती, पण वरून ती सगळं बघायची. पहिल्यांदा बी फुगलं. मग पांढऱ्या कोंबांची टोकं दिसली, रव्याच्या दाण्याएवढी. आणि मग, ती म्हणाली, बघते तर काय, पानं बोटभर.

"मधे काय झालं?" बाईंनी विचारलं.

"मधे?"

"कोंबाला टोपी असते. ती फाडून पहिलं पान वर येतं. तो दिवस कुणी विसरत नाही. तू दाण्याएवढ्या कोंबावरून एकदम बोटभर पानावर आलीस."

झारीने पदर हातात धरून त्याची घडी घातली, सोडली, पुन्हा घातली. मग ती इतक्या हळू बोलली की या वेळी बाईंनाच जवळ सरकावं लागलं. मधे ती आलीच नव्हती. मुलीला ताप होता. तिने रजा मागितली नव्हती, मागायची सोयच नव्हती. चाचणी चालू असताना सुट्टी नाही असं साहेबांनी बजावलेलं. पण ताईंना, म्हणजे संशोधकाला, तापाचं कळलं, आणि त्या आपणहून म्हणाल्या की तू घरी जा, पाणी मी घालते, साहेबांना सांगायची गरज नाही.

"सकाळपासून हे बोलली का नाहीस?"

"ताईंवर येईल ना. नियम मोडून मला घरी पाठवलं त्यांनी. माझ्यासाठी एवढं कोण करतं? तुम्हीही कुणाला सांगू नका."

बाई उठल्या. कोण, ते कळलं होतं. पण जिचा प्रयोग, तीच स्वतःच्या हाताने का मारेल?

५

उत्तर शोधायला बाई नाल्यावर गेल्या.

कारखान्याच्या भिंतीखालून मोठा पाइप बाहेर येत होता. त्याच्या तोंडाशी पाणी फेसाळ होतं, पण दगड काळेच होते, शेवाळ धरलेले. तिथून नाला घरांच्या मागून जायचा. दोन्ही बाजूंनी भिंती इतक्या जवळ की बाईंना तिरकं होऊन चालावं लागत होतं. वर नजर टाकली तर सगळीकडे फळ्या ठोकलेल्या खिडक्या. मागे फिरायलाही जागा नव्हती.

घरांची रांग संपता संपता एक लहान पाइप दिसला, हाताच्या मनगटाएवढा. त्याच्याखालचे दगड निळसर हिरवे झाले होते. बाईंनी नखाने खरवडून पाहिलं. मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार. इथून पुढे नाला थेट शेतात जात होता. प्रयोगशाळेने चाचणीसाठी नाल्याचं पाणीही इथेच, शेताच्या तोंडाशी भरलेलं.

पाइप ज्या भिंतीतून येत होता, तिला वळसा घालून त्या पुढच्या दाराशी गेल्या. आत हौदांच्या रांगा होत्या. नळ, कड्या, सायकलींचे हँडल तारांना टांगलेले आणि निळ्या पाण्यात बुडवलेले. वस्तूंना धातूचा मुलामा द्यायचा कारखाना. रबरी एप्रन घातलेला मालक स्वतःच काम करत होता. त्याने लगेच हात पुसून स्टूल पुढे केलं. पाणी कुठे सोडता, असं बाईंनी विचारल्यावर तो ओशाळला. चुना टाकून निवळू देतो, म्हणाला. पण काम जास्त असलं की तेवढा वेळ कुणाला असतो? शिवाय नाला तसाही औषधवाल्यांनी खराब करून ठेवलाच आहे.

मग, पाहुणी कुठल्या कामाने आली आहे हे कळताच, त्याचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे तुम्ही आमच्या छोटीकडे आलात. आईवडील गेले तेव्हा ती एवढीशी होती. याच हौदांवर शिकवली तिला. वरच्या मजल्यावरच राहतो आम्ही. उद्या मीही येणार आहे, कारखानेवाल्यांची ती कशी जिरवते ते बघायला."

बाईंनी स्टुलाला हात टेकला. बसल्या मात्र नाहीत.

६

संशोधक उगवणखोलीतच होती. मेलेल्या ट्रेंसमोर खुर्ची टाकून बसलेली. बाई आत आल्या, आणि थकव्यामुळे असेल किंवा विचारात असतील, दारातली वीट त्यांच्या पायाने बाजूला सरकली. दार मागे आपोआप मिटलं. थोड्या वेळाने बाहेर पहारेकऱ्याची पावलं वाजली आणि कडी लागली. खोली बंद ठेवायचा त्याला हुकूम होता. दोघींनी दार वाजवलं, पण त्या भिंतींतून आवाज बाहेर जाईना. फोनलाही तिथे रेंज नव्हती. तो पुन्हा फेरीवर येईपर्यंत थांबण्याखेरीज इलाज नव्हता.

बाईंनी रिकामा खोका उलटा केला आणि त्यावर बसल्या.

"मी तुझ्या दादाकडे जाऊन आले," त्या म्हणाल्या.

पोरीने मान वर केली नाही. बाईंनी मग एकेक गोष्ट तिच्यापुढे ठेवली. हिरवी पानं, म्हणून नाल्याचं पाणी नाही. औषधाच्या ट्रेंतली लांब मुळं, म्हणून यंत्र नाही. मधेच सुजलेलं मूळ, म्हणून पहिल्या दिवशी आलेला माणूस नाही. म्हातारीची वाचवलेली बशी, म्हणून संचालक नाहीत. आणि झारीची न मागता मिळालेली रजा.

"आता तू सांग."

तिने सांगितलं. कोंब फुटले त्या दिवशी तिने कागद उचलून मुळं पाहिली होती. औषधाच्या ट्रेंत मुळं लांब आणि नाल्याच्या ट्रेंत आखूड, हे दिसताच तिला कळलं की नाल्यात औषधाशिवाय दुसरंही काही आहे. काय आहे हे कळायला तिला नाल्यावर जावं लागलं नाही. ते निळं पाणी बघतच ती लहानाची मोठी झाली होती. चाचणी उभी राहिली असती तर कुणीतरी मुळांबद्दल विचारलंच असतं. दादाचं काम बंद झालं असतं, त्याच्याकडच्या माणसांचं बंद झालं असतं. आणि ती दोघं जगत होती त्याच हौदांवर, राहत होती त्यांच्याच वरच्या मजल्यावर.

नाल्याच्या आजारी गव्हाला निरोगी करणं तिच्या हातात नव्हतं. निरोगी गव्हाला आजारी करणं होतं. म्हणून प्रयोगशाळेतल्या बाटलीतलं मोरचूद तिने स्वच्छ पाण्याच्या कॅनमध्ये घातलं. नळी जुनी आहे, तांबं उतरलं, अपघात झाला, असं सगळे म्हणतील असा तिचा हिशेब होता. कुणाचं नाव यायला नको होतं. झारीचा नवरा तिच्या डोक्यातही आला नव्हता.

"सकाळपासून मी नळीचं सांगणार होते. सांगितलंही. आणि तुम्ही औषधाच्या ट्रेचा कागद उचललात."

झारीला सुटायची तेवढी एक वाट होती आणि ती बाईंच्याच हाताने बंद झाली होती, हे त्यांच्याही आत्ताच लक्षात येत होतं.

"बशी का वाचवलीस?"

"आजींना शब्द दिला होता. आणि ते शेवटचंच बी होतं."

ती आता रडत होती, आवाज न करता. खोलीतली हवा जड झाली होती. दिव्यांच्या उजेडात पांढरी पानं आणखी पांढरी दिसत होती. दादाने आजवर तिला एकदाही उलट विचारलं नव्हतं, ती म्हणाली. फी किती, पुस्तकं कशाला, लग्न कधी, काहीच नाही. अशा माणसाचं दार आपल्या हाताने बंद कसं करायचं? आणि नाही करायचं, तर झारीच्या डोळ्यांत कसं बघायचं? कुठूनही निघाली तरी ती याच खोलीत येऊन पोचत होती.

"तू काय केलंस ते तुला कळलं नाही अजून," बाई म्हणाल्या. त्यांनी तिच्यासमोर चार रोपं मांडली. बशीतलं हिरवं, लांब मुळाचं. औषधाचं, पांढऱ्या पानाचं, पण मूळ चांगलं. तांब्याचं, हिरव्या पानाचं, मूळ खुंटलेलं. आणि नाल्याचं, ज्याला दोन्ही झालेलं. "तुझ्या चाचणीत नुसत्या धातूचा ट्रे नव्हता. त्याच्याशिवाय नाल्यात काय आहे हे सिद्ध झालंच नसतं. झाकायला गेलीस आणि तोच ट्रे तू तयार करून ठेवलास. जगातला कुठलाही परीक्षक हे ट्रे पुरावा म्हणून घेणार नाही. पण ही चार रोपं बघून नवी चाचणी कशी मांडायची, हे आता कुणीही सांगेल."

पोरगी त्या चार रोपांकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

बाहेर कडी वाजली. पहारेकऱ्याने दार उघडलं आणि आत दोन बाया बघून तो दचकून मागे सरला. बाई उठल्या. आपला अहवाल मुळांबद्दल असेल, त्या म्हणाल्या. नाव मात्र तिने स्वतः सांगावं. तिने नाही सांगितलं तर त्या सांगतील, कारण फाटकावर एक बाई सकाळपासून बसलेली आहे.

७

सुनावणीला जागा पुरली नाही. शेतकरी भिंतीला लागून उभे, गोळीवाले पुढच्या रांगेत, आणि दारापाशी इस्त्रीचा शर्ट घातलेला दादा. खिडक्या इथेही बंदच होत्या.

बाईंनी मुळांचं आणि पानांचं सांगितलं. मग संशोधक उभी राहिली. तिने आधी झारीचं नाव घेतलं, तिने काही केलेलं नाही म्हणून. त्यानंतर स्वतःचं सगळं सांगितलं. मग नाल्यावरच्या लहान पाइपचं सांगितलं आणि तो कुणाचा ते सांगितलं. 'माझा भाऊ' म्हणतानाही ती थांबली नाही. दाराकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

गोळीवाले लगेच उठून म्हणाले की पाहा, धातू आमचा नाही. बाई त्यांच्याकडे न वळताच म्हणाल्या, "पांढरं तुमचं आहे."

अधिकाऱ्यांनी दोन्ही पाइप बंद करायचा हुकूम दिला. नवी चाचणी चार प्रकारच्या ट्रेंची, दुसऱ्या प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली, आणि तिचा निकाल येईपर्यंत एकही थेंब नाल्यात सोडायचा नाही. संशोधकाला कामावरून दूर केलं. झारीला परत घेतलं. पाइप बंद म्हणजे तिच्या नवऱ्याचं कामही थांबलं, हे कुणी बोललं नाही.

बाहेरच्या बोळात संशोधकासमोर झारी आली. संशोधकाने हात जोडले.

"तुम्ही रजा दिलीत, तेव्हा मी घरी जाऊन मुलीला सांगितलं होतं की आमच्या ताई देवमाणूस आहेत," झारी म्हणाली. "आता तिला काय सांगू?"

उत्तराची वाट न बघता ती निघून गेली. नव्या चाचणीचे ट्रे धुवायचे होते.

बोळ रिकामा झाल्यावर दादा आला. त्याच्या शर्टाची इस्त्री मोडली होती. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं; ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि निळसर डाग पडलेल्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस, दादा?"

त्याने खरोखर विचार केला. तिने लहानपणी गणित विचारलं की करायचा, तसा.

"गप्प बस म्हणालो असतो," तो म्हणाला.

तिने मान हलवली. थोड्या वेळाने तो निघाला आणि काही पावलं मागे राहून तीही निघाली. एकमेकांशी बोलावंसं दोघांनाही वाटत नव्हतं. पण जायचं एकाच घरी होतं; दुसरं घर दोघांनाही नव्हतं.